अण्णा, माझं उत्तर तू दिलंस

।। श्री वीरभद्र प्रसन्न ।।

उचगाव,
रविवार, ता. २४ ऑगस्ट २००८

ती. रुद्रेशअण्णा यास,

विद्याश्रीचा नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे, पण आज नुसताच घे.

इकडं सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा पावसाळ्यात धरतो तसा धरला आहे, तरी दिवसभर दुकानात उभे असतात. मागच्या पत्र्यातून गळून सरकी पेंडीची काही पोती भिजली. ती उन्हात पसरायला या आठवड्यात ऊनच नव्हतं. अव्वाचे श्रावणी सोमवार चालू आहेत. थोरली म्हैस व्याली, रेडी झाली. वहिनीला मुद्दाम सांग, तिनं मागच्या खेपेला म्हशीची चौकशी केली होती.

कागदाचं पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. बंगळूरला तुझ्या ऑफिसात कुणाला पोस्टाची पत्रं येत नसतील. घरच्या पत्त्यावरच टाकते आहे.

फोनवर तू नेहमी विचारतोस, "मग, काय शिकलीस नवीन?" आणि मी नेहमी "चाललंय" म्हणते. तर ऐक. एम. लिब.ला आम्हाला यंदा ऑनलाइन साधनांचा एक पेपर आहे. ई-मेल, ब्लॉग, ऑर्कुट, सगळं प्रत्यक्ष वापरून बघायचं. शिकवायला कृष्णात चौगले सर आहेत. राधानगरीकडचे, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांनी सगळ्यांकडून दोन-दोन पानं लिहून घेतली, इंटरनेट वापरताना मी काय शिकलो म्हणून. मी लिहिलं, जग जवळ आलं, ज्ञानाची दारं उघडली, ग्रंथपालाला नवे हात फुटले. सरांनी लाल शाईत 'छान' लिहून परत दिलं. मला ते बघून इतका संताप आला की तिथंच फाडून टाकलं. त्यात एक अक्षर खरं नव्हतं. खरं तुला लिहिते आहे, कारण माझं पहिलं बोट कीबोर्डवर पडायच्या आधी तूच खुर्चीत बसला होतास.

आठवतं का तुला? दोन वर्षांपूर्वीची दिवाळी, राजारामपुरीतलं सायबर कॅफे. खुर्ची एकच होती. "तुला काय कळतंय, सर मागं," म्हणून तू बसलास आणि मी तुझ्या पाठीमागं उभी. माझ्या नावाचा मेल तू उघडलास, ऑर्कुट तू उघडलंस, माझ्या आवडीनिवडीसुद्धा तूच भरल्यास. मला भरतकाम आवडतं असं तू लिहिलंस. मी जन्मात सुई धरलेली नाही. पासवर्ड म्हणून घरच्या देवाचं नाव टाकलंस आणि म्हणालास, "ध्यानात ऱ्हाईल तुझ्या. आनि मलाबी ठावं असल्यालं बरं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. वर्गातल्या कुणाचा भाऊ बंगळूरहून येऊन असं करून देत होता?

वावगं वाटणार तरी कसं? आपल्याकडं टपाल येतं दुकानावर. पोस्टमन ते गल्ल्यावर टाकतो आणि गल्ल्यावर जो बसला असेल तो फोडतो. फोडतो आणि मोठ्यानं वाचतो. माझ्या बारावीनंतरच्या मैत्रिणींची पत्रं पेंड न्यायला आलेल्या अर्ध्या गावानं ऐकली आहेत. गडहिंग्लजला दिलेल्या माझ्या मैत्रिणीचं सासूशी पटत नाही, हे मला कळायच्या आधी पेंड न्यायला आलेल्या परगावच्या पावण्यांना कळलं होतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. चुलत्यांचं अप्पा फोडत, अप्पांचं तू फोडत होतास, माझं सगळेच. मेलसुद्धा मला तसाच वाटला, दुकानाच्या गल्ल्यासारखा.

मग चौगले सरांनी या महिन्याच्या सुरुवातीला कॉम्प्युटरच्या तासाला विचारलं, "तुमचा पासवर्ड तुमच्याबिगर कुनाला म्हाईत हाय? हात वर करा, लाजू नगा." निम्म्याहून जास्त मुलींचे हात वर गेले. कुणाचा दादा, कुणाचे वडील, प्रियदर्शनीचा तर होणारा नवरा. मुलांमधला एकही हात वर नव्हता. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरींनो, आत्ताच्या आत्ता बदला. म्या भायेर थांबतो." आणि खरंच बाहेर जाऊन थांबले. मी बदलला. का बदलला असं विचारशील, तर सरांनी सांगितलं म्हणून. तुझ्याबद्दल माझ्या मनात त्या घटकेपर्यंत काहीही नव्हतं, हे मी देवाशपथ सांगते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तुझा फोन आला.

"विद्या, तुझा मेल उगडंना गं. पासवर्ड बदललीस व्हय?"

मी विचारलं, "तू कशाला उघडत होतास?"

"सहज."

अण्णा, दोन वर्षांत तू सहज किती वेळा उघडलास, हे मला आता कधीच कळणार नाही. पण सहज उघडणारा माणूस सकाळी ऑफिसला जायच्या घाईत फोन करत नाही. आणि मी नवीन पासवर्ड सांगितला नाही म्हटल्यावर तू काय केलंस? अव्वाला फोन केलास. पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही, ऑर्कुटवर कुणी पोरगा तिला 'फ्रेंडशिप डे'चं लिहितो, जरा बघा. तो पोरगा माझ्या वर्गातला आहे, त्यानं तेच वाक्य वर्गातल्या सगळ्यांना पाठवलं होतं, चौगले सरांनासुद्धा. अव्वा बिचारी चुलीपाशी मला धरून विचारते, "त्या आर्कुटाला जाऊ नगंस म्हनं. कुटं हाय त्ये? रंकाळ्याकडं?" मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिला मी कसं सांगू, की त्या ठिकाणी तिचा लेक गॉगल लावून कुठल्याशा मॉलपुढं उभा आहे आणि तीन बायका त्याच्या फोटोखाली 'सो हँडसम' लिहून गेल्या आहेत? त्याबद्दल कुणी अव्वाला फोन केला नाही. माझा ब्लॉगही तुला खुपला. दुकानात येणारी माणसं जनावरांबद्दल कशी बोलतात, एवढंच मी त्यात लिहीत होते. "घरचं नाव चव्हाट्यावर कशाला?" म्हणून तू तो काढायला लावलास. मी काढला. तेव्हासुद्धा मी फक्त हिरमुसले होते.

मी मघापासून म्हशीचं, सरांचं, ऑर्कुटचं लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात जड झाला आहे. आता लिहितेच.

मे महिन्यात मी अप्पांबरोबर एस.टी.नं पुण्याला मुलाखतीला गेले होते, ते तुला माहीत आहे. जुन्या हस्तलिखितांचं ते ग्रंथालय, वर्षभराचं शिकाऊ काम, राहायला वसतिगृह. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडून मोडी वाचून घेतलं, आणि मी अडखळले तिथं त्या स्वतः उठून माझ्या शेजारी आल्या. निघताना म्हणाल्या, "निकाल मेलवर कळवू." परतीच्या एस.टी.त अप्पांनी मला कऱ्हाडला चहा पाजला. मग म्हणाले, "थंडीची गोधडी न्यावी लागंल तुला. पुन्यात गारठा लई असतोय." म्हणजे त्यांनी मला मनातल्या मनात पाठवून दिलं होतं.

मी रोज कॅफेत जाऊन बघत होते. काही आलं नाही. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "अगं, शेकड्यांनी अर्ज असत्यात. न्हाय आलं तर न्हाय, तितंच कोल्हापुरात कर एम. लिब." मी ऐकलं. मला वाटलं, मोडी वाचताना अडखळले तिथंच माझं गेलं. सगळा जून मी रात्री अंथरुणात तीच ओळ मनाशी वाचत होते.

तुझ्या त्या 'सहज'नंतर मी पुण्याला फोन केला. कॉलेजच्या फाटकापाशी उभी राहून. ऑफिसातल्या बाईंना नाव सांगितलं, निकालाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, असं काय करता? निवड झाली होती तुमची. तुम्हीच नाही का कळवलंत, लग्न ठरलंय, येऊ शकत नाही म्हणून? जूनमध्येच. अभिनंदन करायचं राहिलंच हं तुमचं."

मी म्हटलं, मी नाही कळवलं. त्या थोड्या चिडल्या. त्यांनी तो मेल काढून मला वाचून दाखवला. 'ड्यू टू माय मॅरेज'. 'युवर एस्टीम्ड इन्स्टिट्यूट'. असलं इंग्रजी आपल्या घरात एकालाच येतं. खाली नाव होतं, कुमारी विद्याश्री सिद्धाप्पा तोडकर.

माझं लग्न ठरल्याचं मला पुण्याच्या एका अनोळखी बाईंकडून कळलं, अण्णा. जूनच्या सुरुवातीला तू ते पत्र लिहिलंस. संकेश्वरचा मामा महांतेशसाठी बोलायला आला तो जून संपता संपता. म्हणजे मामानं अप्पांना विचारायच्या आधी, अप्पांनी मला विचारायच्या आधी, तुझं आणि मामाचं फोनवर झालं होतं. मामाच्या लेकाचा हक्क, पोरगी घरातल्या घरात राहते, पुण्याला गेली तर हातची जाईल. सगळं मी तुझ्या आवाजात ऐकू शकते. मग तू माझ्या नावानं बसलास, माझ्या नावानं नको म्हणालास, आलेलं पत्र पुसलंस आणि गेलेलं उत्तरही पुसलंस. आणि त्याच आठवड्यात मला म्हणालास, "शेकड्यांनी अर्ज असत्यात."

तू मला सरळ 'जाऊ नको' म्हणाला असतास तर मी भांडले असते. रडले असते, जेवले नसते. कदाचित हरलेही असते. पण ते भांडण माझं असतं. तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस. मी अडखळले त्या ओळीला दोष देत बसले आणि तू ते ऐकून गप्प राहिलास. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पुण्याची जागा गेल्यापेक्षाही जास्त.

मी अप्पांना सांगितलं. दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना. एवढी वर्षं सगळं तिथंच वाचलं गेलं, मग हेही तिथंच. अप्पा भुसा तोलत होते. त्यांनी तराजू तसाच धरून विचारलं, "कुनी लिवलं?"

"अण्णानं."

"तुझ्या नावानं?"

"व्हय."

त्यांनी तराजू खाली टेकवला. मग म्हणाले, "टपाल फोडायची आपली रीत हाय. म्या फोडलंया, माझ्या बानं फोडलंया. पर दुसऱ्याच्या नावानं जबाब न्हाय धाडला आजपातुर कुनी." गिऱ्हाईक पाटी उचलून निघून गेलं.

मी अप्पांवरही बोलले. म्हटलं, "फोडायची तरी रीत का? तिथनंच सुरू झालं हे." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. वाटलं हात उगारतील. ते खाली बसले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "त्येबी खरंच हाय की." परवा विद्यापीठाचं एक पाकीट आलं. शेजारच्या हंबीरराव काकांनी सवयीनं हात घातला, तर अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिचं हाय, तीच फोडंल." त्यात परीक्षेचं साधं वेळापत्रक होतं. ते मी फोडलं तेव्हा दुकानात सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला पाकीट सरळ फाडता आलं नाही.

आता महांतेशचं. मागच्या रविवारी मामा त्याला घेऊन आला, दसऱ्यानंतर साखरपुड्याचा दिवस धरायला. सोप्यात दोघांची ताटं मांडली होती, तिथंच मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लाज वाटेल, निदान चिडेल तरी. तो म्हणाला, "मला न्हवतं ठावं. मला सांगितलं, तुमीच नगं म्हनालासा."

"मग आता कळलं ना?"

"कळलं की. पर आता उकरून काय उपेग? जागा गेली न्हवं. संकेश्वरात बी वाचनालय हाय."

वाईट माणूस नाही तो. खताच्या दुकानात बरा दिसत असेल. पण माझ्या जागेला तो 'गेली न्हवं' म्हणाला आणि पुढचा लाडू उचलला. मी तिथंच, मामासमोर, नाही म्हणाले. या वेळी माझ्या तोंडानं. मामा ताटावरनं उठला. अप्पांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "पोरीच्या तोंडनं हो आलं तर सांगावा धाडतो. तवर थांबा." अव्वा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भाकरी पुढ्यात टाकते आणि तोंड फिरवते. तिचा भाऊ उपाशी गेला आहे तिच्या दारातून. हेही तुझ्यामुळंच, आणि ते निस्तरायला तू इथं नाहीस.

मी तुला भांडायला फोन केला होता. तू ऑफिसात होतास, वहिनीनं उचलला. तिला मी सगळं सांगितलं. ती इतकी हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं. म्हणाली, "मला यातलं काही ठाऊक नाही गं. माझंसुद्धा तेच उघडतात." लग्नाआधी ती हुबळीत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती, अण्णा. तुझ्यापेक्षा तिला जास्त येत असेल.

तर आता मला काय हवं ते लिहिते. गोल गोल बोलायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

पुण्याच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली, ती आता तिथं काम करते आहे. तिचं काही काढून घ्यायचं नाही मला. पण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज घेणार आहेत, आणि एकदा निवड होऊन नको म्हणालेल्याला ते पुन्हा बोलावत नाहीत. त्यांच्या दप्तरी मी नको म्हणालेली मुलगी आहे. माझ्या बोलण्यावर तो शेरा ते पुसणार नाहीत. मी विचारलं. त्या म्हणाल्या, ज्यानं लिहिलं त्यानं तसं कळवलं तर वरिष्ठांपुढं ठेवता येईल.

म्हणून तू लिहायचंस. तुझ्या नावानं, तुझ्या सहीनं. की तो मेल तू केलास, बहिणीला न विचारता, आणि तिचं लग्न ठरलेलं नव्हतं. ऑफिसचं नाव जाईल, लोक काय म्हणतील, हे मला सांगू नकोस. माझं नाव वापरताना तुझा हात थांबला नाही, तुझं वापरतानाही थांबायचं कारण नाही. गणपतीला येशील तेव्हा त्याची प्रत अप्पांच्या हातात दे. ती न आणता आलास तर ये, घर तुझंच आहे, अव्वा तुझ्या वाटेकडं डोळे लावून आहे. पण मी तुला ताट वाढणार नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. लोभ आहेच माझा. तो जाईना, म्हणून तर इतका संताप होतो. सायकल शिकवताना तू माझ्यामागं उचगावच्या फाट्यापर्यंत धावला होतास. तो माणूस असं करू शकतो, हे मला अजून खरं वाटत नाही. मी पुन्हा पुन्हा फोन लावून पुण्याच्या बाईंना तो मेल वाचायला लावावा, असं वाटतं. नाव चुकलं असेल, दुसऱ्या कुणी केलं असेल.

या पाकिटात आणखी एक लहान पाकीट आहे, डिंकानं चिकटवलेलं. त्यावर वहिनीचं नाव आहे. त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. घरी तुझ्याशिवाय दुसरं कुणी नसेल, गॅसवर चहाचं पाणी उकळत असेल, डिंक सुटायला पाकीट वाफेवर सहज धरता येईल, सगळं मला दिसतं आहे. ते तिच्या हातात दे. आणि ती वाचत असेल तोवर तिच्या पाठीमागं उभा राहू नकोस.

विद्याश्री